तारेवरच्या घड्या

दिवे गेले नाहीत, नुसते वाकले. बाहेर अजून उजेड होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण खिडकीपाशी मटार सोलत बसलेल्या आत्याचा हात शेंगेवर थांबला. छतावरचा बल्ब क्षणभर आजाऱ्यासारखा पिवळा पडला, स्वयंपाकघरातल्या फ्रिजने घसा खाकरला, आणि तिचा कान, तिला न विचारता, पुतणसुनेच्या टेबलाखाली जाऊन बसला. तिथे एक लोखंडी पेटी होती. वीज अशी वाकली की त्या पेटीतून टक् असा आवाज यायचा आणि वरचा कॉम्प्युटर काही झालंच नाही अशा थाटात चालत राहायचा. आज टक् आला नाही. पेटी जाड आवाजात गुणगुणली, तो आवाज चढत गेला, आणि मग वास आला. तापलेल्या वार्निशचा, किंचित गोडसर, नाकाच्या मुळाशी चिकटून बसणारा वास. मटाराचे दाणे मांडीवरून घरंगळले. त्या वासासरशी ती एका लांबलचक खोलीत होती, हिरव्या रंगाच्या खिडक्यांच्या, आणि पलीकडून कुणीतरी विचारत होतं, "कुणाची जळली गं?"

"गेलं," पुतणसून म्हणाली. ती घरी बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढायची. काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघत तिने दोन्ही हात मांडीत ठेवले. "दुपारपासूनचं सगळं गेलं. जिना तेवढा राहिला होता. आत्या, आता तरी या म्हाताऱ्याला निरोप द्या."

पेटीला घरात यूपीएस कुणी म्हणत नसे. म्हातारा म्हणत. पुतण्या अधूनमधून तिची बॅटरी बदलून आणायचा, आणि प्रत्येक वेळी दुकानदार त्याला हसायचा: हल्ली याच्या निम्म्या आकाराचे मिळतात, हे काय देवघरातल्यासारखं जपताय? घरी येऊन तो तसंच सांगायचा. आत्या म्हणायची, चालतंय ना, मग असू दे. चालत होतं हे खरंच होतं, त्यामुळे पुढे कुणाला बोलता येत नसे.

"हात लावू नकोस, पोळेल," ती म्हणाली आणि स्वतः उठून टेबलाखाली वाकली. गुडघे कुरकुरले. पेटीच्या पत्र्यावर तिने तळहात धरला, टेकवला नाही, नुसता जवळ धरला, तापलेल्या पोराच्या कपाळाजवळ धरावा तसा. बॅटरी नव्हती गेलेली. बॅटरी गेली की पेटी कुरकुर करते, शिट्ट्या घालते, दहा वेळा सांगते. ही काही न सांगता आतून जळली होती. ट्रान्सफॉर्मर. तांब्याच्या तारेच्या वळशांचा तो जड गोळा पेटीच्या तळाशी असतो, आणि या पेटीतला गोळा कुणी गुंडाळला होता ते या घरात तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

तो कारखाना म्हणजे तरी काय, एक लांब खोली. एका टोकाला सात-आठ वळसेवाल्या बायका, दुसऱ्या टोकाला टेस्टरचं टेबल, मधे पत्रे, स्क्रू, बॅटऱ्यांच्या ॲसिडचा वास. ती सगळ्यांत लहान होती म्हणून धाकटी. पुढे तिच्याहून लहान मुली आल्या, लग्न होऊन गेल्या, तरी तिचं नाव धाकटीच राहिलं. समोर चौकोनी रीळ, उजव्या हाताने दांडा फिरवायचा, डाव्या हाताच्या चिमटीतून लाखेचा थर दिलेली तांब्याची तार सोडायची, आणि ओठांनी मोजायचं. यंत्राला आकडे दाखवणारी डबी होती, पण ती जाड तारेला घसरायची. तिच्यावर विश्वास ठेवून दोन घाणे वाया गेले तेव्हापासून सगळ्याजणी तोंडानेच मोजत. म्हणून खोलीत एक नियम आपोआप पडला होता: वळसे घालणाऱ्या बाईशी बोलायचं नाही. मालक आला तरी बोलायचा नाही. तो येऊन बाजूला उभा राहायचा, बाई ओठ हलवत राहायची, आणि शेवटचा वळसा पडला की ती मान वर करून म्हणायची, बोला. सगळ्या जगाला ताटकळत ठेवण्याची ती एकच जागा त्या बायकांना मिळाली होती आणि त्या ती पुरेपूर वसूल करत. वळसेवाल्यांतल्या सगळ्यांत जुन्या, त्या मोठ्या बाई, तर मालक येताना दिसला की रिकामंच रीळ फिरवायला घ्यायच्या.

टेस्टरचं काम सोपं दिसायचं. तयार पेटी टेबलावर घ्यायची, तिला एक बल्ब जोडायचा, आणि भिंतीतली वीज काढून टाकायची. बल्बने डोळा मिचकावला नाही तर पेटी पास. पण तो तेवढ्यावर थांबायचा नाही. पेटीला कान लावायचा. डोळे मिटून, गाल पत्र्याला टेकवून बसायचा, आणि वळसेवाल्यांना तेवढंच निमित्त पुरायचं.

"काय गं धाकटे, तुझीच पेटी दिसतेय. इतका वेळ काय ऐकतोय?"

"वळसे सैल असले की गुणगुणतात म्हणे."

"तुझे सैल आहेत होय? मग काय, गाणी म्हणत असतील त्याच्या कानात!" आणि मोठ्या बाई सगळं अंग हलवून हसायच्या.

तो मात्र जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसला की बोलायचा. एरवी अबोल, पण विजेबद्दल विचारलं की बांध फुटायचा. म्हणायचा, गेलेली वीज प्रामाणिक असते. अंधार पडतो, लोक ओरडतात, मेणबत्त्या शोधतात, सगळ्यांना कळतं की गेली. खरं नुकसान करते ती न गेलेली. कधी ती खाली बसते, दिवे चालूच असतात पण मोटारीच्या अंगात जीव राहत नाही, ती तापते आणि आठवड्याने जळते, तेव्हा लोक म्हणतात मोटार वाईट. कधी उसळी मारते, इतक्या पटकन की डोळ्याला दिसत नाही, पण आतलं काहीतरी जायचं ते जातं. कधी तिच्यात नुसती खरखर असते. "आणि माणूस म्हणतो, दिवा तर लागलेला आहे, मग बिघडलं काय?" हे सांगताना तो तिच्याकडे बघत नसे, डब्यात बघत असे. तिला ते आवडायचं. बघितलं असतं तर तिला घास गिळता आला नसता.

एकदा त्याने सांगितलं की पेट्यांच्या दोन जाती असतात. एक आपण करतो ती. ही बाजूला बसून असते, वीज नीट आहे तोवर काही करत नाही, आणि गेली की टक् करून मधे उडी घेते. त्या उडीत एक निमिष जातंच. दुसरी जात महाग. तिच्यात वीज आधी पेटीत येते, पेटी ती आपल्या अंगावर घेते आणि पुढे स्वच्छ करून देते, दिवसरात्र. भिंतीतली वीज आहे की गेली हे पुढच्या यंत्राला कधी कळतच नाही.

"मग सगळ्या तसल्याच का नाही करत?" धाकटीने विचारलं.

"तापतात. झिजतात लवकर. सारखं मधे उभं राहायचं म्हणजे थट्टा नाही."

"मला विचारा," मोठ्या बाई म्हणाल्या. "वीस वर्षं नवरा आणि सासूच्या मधे उभी आहे. माझं बघा काय झालंय." त्यांनी आपल्या रुंद देहावरून हात फिरवला आणि टेस्टरलाही हसू आवरलं नाही. ते हसू धाकटीने घरी नेलं. आईबाप, भाऊ, वहिनी, सगळे बसले असताना ते तिच्या तोंडावर येऊन बसलं, आणि वहिनी म्हणाली, काय झालं, तर ती म्हणाली, काही नाही, आमच्याकडच्या एक बाई आहेत.

आता पुतण्याने घरात शिरताच हवा हुंगली. "काय जळलं?"

"म्हातारा गेला," पुतणसून म्हणाली. आत्यासमोर असं म्हणायला नको होतं, असं तिला लगेच वाटलेलं दिसलं. "म्हणजे पेटी."

"नवीन आणू उद्या."

"दुरुस्त होते का बघ," आत्या म्हणाली.

पुतण्याने बायकोकडे बघितलं, बायकोने भिंतीकडे. दोघं तिच्याशी चांगलेच होते. भाऊ अचानक गेला, वहिनी नोकरीला लागली, तेव्हा या पोराला आंघोळीपासून गणितापर्यंत तिनेच वाढवलं होतं, आणि त्याची त्याला आठवण होती. म्हणूनच तो पेटी डिकीत घालून घेऊन गेला आणि तीन दुकानं फिरला. दोन दुकानांत त्याला हसले. तिसऱ्याने पेटी उघडली, आत बघितलं आणि म्हणाला, ट्रान्सफॉर्मर जळलाय, असला आता मिळत नाही, पण एक म्हातारे आहेत, हाताने गुंडाळून देतात. त्यांच्याकडे ठेवून जा.

"विक्षिप्त माणूस आहे," पुतण्या जेवताना सांगत होता. "पेटी टेबलावर ठेवली तर म्हणे वीज लावू. मी म्हटलं जळलीय, तर म्हणे थोडीशीच लावतो. आणि चक्क कान लावून बसला. असा." त्याने गाल ताटाच्या कडेला नेऊन दाखवला. मुलं नव्हती म्हणून बरं, नाहीतर घरभर तोच खेळ चालला असता, असं पुतणसून म्हणाली. आत्या हसली नाही. तिच्या हातातला घास हातातच होता.

"पेटी परत आण," ती म्हणाली.

"काय?"

"नको दुरुस्त करायला. टाकून दे. नवीन घ्या तुम्ही."

"आत्या, काल म्हणत होतीस टाकायची नाही. इतकी वर्षं म्हणत होतीस. आता एवढा फिरलो मी."

"त्यांनी उघडला का ट्रान्सफॉर्मर?"

"मला काय माहीत? ठेवून आलो. चार दिवसांनी फोन करतो म्हणाले."

चार दिवस. त्या चार दिवसांत ती भांडी घासलेलीच पुन्हा घासायची, खिडकीशी बसून समोरच्या इमारतीचे जिने चढणारी माणसं बघायची. एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दर मजल्यावर थांबायची, आणि ती थांबली की आत्याचाही श्वास अडकायचा. तो जिवंत आहे, इथेच आहे, पुतण्याची गाडी जाऊन येऊ शकते इतक्या जवळ आहे, हे तिच्या अंगात हळूहळू पसरत होतं. पण त्याच्याही खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ती लाज होती. या वयात लाज. तो तार उलगडेल. जळलेला ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळायचा तर आधीची तार उलगडावीच लागते, थरावर थर, आणि ती उलगडताना त्याला कळेल. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. त्याला कळेल.

त्या दिवशी सुट्टी व्हायला थोडाच वेळ होता. ती मोठं रीळ घेऊन बसली होती, अर्ध्याच्या पुढे गेली होती, ओठ हलत होते. तो खोलीच्या त्या टोकाकडून उठून आला आणि तिच्या यंत्रापाशी उभा राहिला. नियम त्याला माहीत होता, त्याच्याइतका कुणालाच माहीत नव्हता, कारण चुकलेला प्रत्येक वळसा शेवटी त्याच्याच टेबलावर जायचा. तरी तो बोलला. "आपण लग्न करू या का?" इतक्या साध्या आवाजात, की शेजारच्या बाईला वाटलं असेल पक्कड मागतोय. तिने मान वर केली नाही. दांडा फिरत राहिला, चिमटीतून तार जात राहिली, ओठ हलत राहिले. सवयीने. तो जरा वेळ उभा होता, त्याचे बूट तिला दिसत होते, एका बुटाची नाडी सुटलेली. मग तो म्हणाला, "सावकाश सांग." सावकाश सांगा नाही, सांग. पहिल्यांदाच. आणि बूट गेले. घंटा झाली, खुर्च्या सरकल्या, डबे वाजले, मोठ्या बाई म्हणाल्या, चल गं, ती म्हणाली, एवढं रीळ संपवते. ओठ हलत होतेच. मग तिच्या लक्षात आलं की ओठांवर आकडा नाही. ती तेच दोन-तीन आकडे पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि किती वळसे पडले होते याचा या जगात कुणालाच पत्ता नव्हता.

तिने सगळं उलगडलं. पहिल्यापासून. उलगडलेली तार पुन्हा वापरायची नाही असा दंडक होता, पण नवी तार कोठीत आणि कोठीला कुलूप. मोडीत टाकून उद्या दुसरं रीळ घ्यायला हरकत नव्हती, पण मग सकाळी त्याच्या मांडणीवर तिच्या नावापुढे एक जागा रिकामी दिसली असती. ते तिला चालणार नव्हतं. त्याने असं विचारावं आणि तिने त्याला चुकलेलं काम द्यावं, हे तिला कसंतरीच वाटलं. चांगलं उत्तर द्यायचं तर हातही चांगले दिसले पाहिजेत, असं काहीतरी ते होतं, आता नीट आठवत नाही. तिने तार फडक्यात दाबून ओढून सरळ केली. चौकोनी रिळाच्या कोपऱ्यांवर पडलेल्या घड्या पुसट झाल्या, गेल्या नाहीत. मग पुन्हा दांडा, पुन्हा चिमूट, आणि या वेळी मोठ्याने, रिकाम्या खोलीत, आकडे मोजत. टोकं बांधायची चिकटपट्टीही कोठीत होती, म्हणून पर्समधल्या शिवणाच्या निळ्या दोऱ्याने बांधली. पहारेकरी दोनदा डोकावून गेला. रीळ मांडणीवर ठेवून ती बाहेर पडली तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते, आणि घरापर्यंतच्या वाटेत तिला चालल्याचं आठवत नाही.

सकाळी ती सरळ त्याच्या टेबलाकडे गेली. उत्तर तोंडात तयार होतं, एकाच अक्षराचं. तो आधीच आलेला होता. तिचा ट्रान्सफॉर्मर त्याच्यासमोर होता, मीटरच्या तारा त्याला लावलेल्या. त्याने वर बघितलं नाही. "कालचं काम उत्तम झालंय तुमचं," तो म्हणाला. "एक वळसा इकडचा तिकडे नाही." तुमचं. ती उभी राहिली. तिला वाटलं, तो अजून काही बोलेल, काल विचारलं ते आठवतंय का असं तरी. पण तो तारा काढून पुढच्या पेटीकडे वळला. रात्रीत विचार बदलला माणसाने, तिला वाटलं, आणि आता कामाचं बोलून झाकतोय. "हो का," ती म्हणाली. तोंडातलं अक्षर तिने तसंच परत नेलं. मग ती वाट बघू लागली, तो पुन्हा विचारेल याची. त्याने विचारलं नाही. काही महिन्यांनी तो दुसऱ्या मोठ्या कारखान्यात गेला, पुढे त्याचं लग्न झाल्याचं मोठ्या बाईंनी सांगितलं आणि तिच्याकडे फार वेळ बघितलं. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने सगळ्यांना सांगितलं, परत आलेल्या पेट्यांतली एकेक घेऊन जा. बायका आकाराने मोठ्या बघत होत्या. ती एकेक झाकण उचलून निळा दोरा शोधत होती.

चौथ्या दिवशी फोन आला. पुतण्या म्हणाला, "म्हातारबुवा म्हणतात, पेटी कुणाची ते मला कळलंय, त्यांनाच पाठवा. आत्या, तू ओळखतेस त्यांना?"

"कारखान्यात होते."

"मग बोलला नाहीत," पुतणसून म्हणाली, आणि आत्याने केसांवरून फणी फिरवायला घेतलेली बघून तिने पुढचं काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "ती करडी शाल घ्या. त्यात चांगल्या दिसता."

दुकान गल्लीत होतं, एका खोलीएवढं, दारात दुपारचं ऊन. तो आत उजेडाशी पाठ करून बसला होता, त्यामुळे तिला आधी नुसती मान दिसली, आणि मान तीच होती, पातळ झालेली. जाड भिंगाचा चष्मा. बोटं मात्र काळी, तांब्याची. "धाकटी," तो म्हणाला. या नावाने तिला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, आणि ते ऐकून ती दारातच उभी राहिली.

"या. बसा. स्टूल डुगडुगतं, जपून."

ती बसली. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची तार पसरलेली होती, कुठे काळवंडलेली, कुठे अजून लालसर. त्याने ती वेटोळं करून मोडीत टाकली नव्हती. लांब लांब वेढे करून ठेवली होती, वाळत घातलेल्या सुतासारखे.

"कुठे जळली?" तिने विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

"इथे." त्याने एक तुकडा उचलला. "वरचा थर, खालचा थर. खालची तार सरळ आहे, पण तिच्यावर आडवी घडी आहे, मधेच. कोपऱ्यावर असायला हवी ती मधे. तिथली लाख हलली होती. इतकी वर्षं टिकली, मग कुठूनतरी उसळी आली आणि तिथेच दोन्ही थर चिकटले." तो थांबला. "अशा घड्या सगळ्या तारेवर आहेत. पहिल्यापासून अर्ध्याच्या पुढपर्यंत. मग नाहीत."

तिने तुकड्यावरच्या घडीवरून बोट फिरवलं.

"ही तार दोनदा गुंडाळलेली आहे," तो म्हणाला.

रस्त्यावर एक हातगाडी गेली. तिची चाकं दारापुढून खळखळत गेली.

"मी त्या सकाळी लवकर आलो होतो," तो म्हणाला. "रात्रभर झोप नव्हती. मांडणीवरून सगळ्यांत आधी तुझंच रीळ उचललं. मला वाटलं, चुकलेलं असेल. चुकलेलं असावं असं फार वाटत होतं. पाच-दहा वळसे कमी, पाच-दहा जास्त, काहीही. मी विचारलं आणि हिचा आकडा गेला, एवढं मला मीटरवर दिसलं असतं तर पुरे होतं. काटा बरोबर जागेवर. मी तीनदा लावून बघितलं." त्याने चष्मा काढला. डोळे लहान झाले, तरुण झाले. "म्हटलं, हिला असं विचारलं आणि हिचा एक वळसा चुकला नाही. मग पुन्हा काय विचारायचं?"

"दोरा दिसला नाही तुम्हाला? निळा होता."

"दिसला. वाटलं, पट्टी संपली असेल."

तिला हसू आलं, आणि ते मधेच कुठेतरी वळून दुसरंच काही झालं. तिने शाल तोंडाशी धरली. तो टेबलावरच्या तारेकडे बघत होता. इतकी वर्षं तिने त्या सकाळचा त्याचा चेहरा पुन्हा पुन्हा आठवला होता, खाली घातलेला, मीटरवरचा, आणि प्रत्येक वेळी तिला तो थंड वाटला होता. आता तोच चेहरा तिच्यासमोर पुन्हा वर येत होता आणि त्यावर झोप नव्हती, आशा होती, आणि समोर काटा होता, बरोबर जागेवर. तिनेच आणून ठेवला होता तो तिथे. मोठ्याने मोजत. तिला त्या रिकाम्या खोलीत परत जाऊन त्या मुलीच्या हातातून फडकं काढून घ्यावंसं वाटलं, म्हणावंसं वाटलं, अगं, राहू दे चुकलेलं, तसंच ठेव मांडणीवर.

"बायको चांगली होती माझी," तो म्हणाला, कुणीतरी विचारल्यासारखं. "काही कमी केलं नाही तिने. गेली, झाली काही वर्षं. आता मुलगी बोलावतेय. पुढच्या महिन्यात हे सगळं आवरायचं आणि तिच्याकडे जायचं. दूर आहे. विमानाने जावं लागतं."

"बरं आहे. एकटं कशाला राहायचं."

"तुमची पेटी नाही होणार. तार आणतो म्हटलं तर मिळेल, पण माझे डोळे गेले. आणि हात..." त्याने तिच्या हातांकडे बघितलं. बोटांची पेरं सुजून वाकलेली होती. तिने ती लपवली नाहीत. "तुमचेही गेलेले दिसतात."

"गेले."

"मग एवढंच विचारायचं राहिलं," तो म्हणाला. "तेव्हा काय होतं उत्तर?"

तिने एवढ्या वर्षांत ते उत्तर किती तऱ्हांनी दिलं होतं. स्वयंपाक करताना, पुतण्याला शाळेत सोडून परत येताना, आजारपणात, कधी रागाने, कधी लांबण लावून, कारणांसकट. आज त्यातलं एकही वाक्य सापडेना. दुपारचं ऊन दारातून सरकून त्याच्या पायापर्यंत आलं होतं.

"हो होतं," ती म्हणाली.

चष्मा हातात तसाच धरून तो बसून राहिला, आणि त्याचा खालचा ओठ कापत होता, तो थांबावा म्हणून त्याने काही केलं नाही. तिनेही दुसरीकडे बघितलं नाही. शेजारच्या दुकानात कुणीतरी पत्रा कापत होतं, तो आवाज थांबला, सुरू झाला, पुन्हा थांबला.

पर्समध्ये फोन वाजला. पुतणसून होती. "आत्या, काय म्हणतात? होईल का? नाहीतर येताना हे नवीन घेऊन येतात, मला उद्या सकाळी जिना द्यायचाय."

"नाही होणार. नवीन घ्या तुम्ही."

"आणि जुनी? परत आणायची की तिथेच टाकायची?"

"असू दे इथेच."

मग पुतणसून सांभाळून म्हणाली, "तुम्ही बऱ्या आहात ना? निघताय ना आता? यांना पाठवू गाडी घेऊन?"

त्याने टेबलाच्या कोपऱ्यातली किटली सरकवली होती आणि दोन कप शोधत होता. एकाचा कान तुटलेला होता; तो त्याने स्वतःकडे घेतला. डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली त्याने वाकून, कण्हत, पुठ्ठ्याची घडी सारली. तिने शाल खांद्यावरून काढून मांडीवर ठेवली.

"नको पाठवू," ती फोनमध्ये म्हणाली. "जेवायला माझी वाट बघू नका."